देवीच्या डोळ्यातली काडी

डोळ्यापाशी छिन्नी आली की माझा हात थांबायचा. कपाळ कापून व्हायचं, नाक व्हायचं, नथ व्हायची. मग डोळ्याच्या कोपऱ्यावर छिन्नी टेकवायची, हातोडी उचलायची, आणि हातोडी तशीच वर राहायची. तीन दिवस हेच चाललं होतं. भर दुपारी, अमरावतीला शेठजींच्या आवारात, एका पडवीत मी बसलो होतो. समोर कापसाच्या तीनशे गाठी रचलेल्या होत्या आणि प्रत्येक गाठीवरून देवी माझ्याकडे बघत होती. बघत होती म्हणणंही चूक आहे. तिला डोळे नव्हते. डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबणी होत्या, आणि त्या मीच केल्या होत्या.

आधी माझा धंदा सांगतो. मी अकोल्याचा, जुन्या शहरातला पत्रे कापणारा. पत्रे म्हटलं की लोकांना छप्पर आठवतं, तसं नव्हे. सरकी काढलेली रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधतात, वर तरट गुंडाळतात. त्या तरटावर मालकाचं चित्र उमटवायचं, तो मार्का. कोणाचा हत्ती, कोणाचा मोर. मुंबईच्या गोदामात हजार गाठी एकावर एक पडतात, तिथल्या हमालाला अक्षर वाचता येत नाही, चित्र मात्र ओळखता येतं. ते चित्र मी पत्र्यात आरपार कापायचो. पत्रा तरटावर ठेवायचा, काजळी आणि जवसाचं तेल कालवून वरून कुंचा फिरवायचा. कापलेलं काळं उमटतं, न कापलेलं कोरं राहतं.

यात एकच गोम आहे. गोल कापला की मधला तुकडा सुटतो आणि खाली पडतो. म्हणून गोल कधी पूर्ण कापायचा नाही, मधे बारीक पट्टी सोडायची. तिला आम्ही काडी म्हणतो. पत्रे कापणाऱ्याची अक्कल त्या काडीत असते, बाकी सगळी ठोकाठोक.

अमेरिकेत लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला असे दिवस आले, की काल ज्याला कोणी रामराम करत नव्हतं त्याच्या ओट्यावर आज एजंट ताटकळत बसायचा. जो तो मार्का मागत होता. माझ्या हाताला उसंत नव्हती आणि डोक्यात थोडी हवाही गेली होती. अशात पौषात शेठजींनी मला अमरावतीला बोलावलं. त्यांना देवीचा मुखवटा हवा होता. मी पत्रा कापून दाखवला. त्यांनी तो उन्हात धरला आणि भडकले.

"देवीच्या डोळ्यात काडी? तुह्या डोळ्यात घालू का एक?"

"शेठजी, काडी नाही ठेवली तर बुबुळ पडतं."

"ते मले नोको सांगू. काडी काढ."

मी तेव्हा हात जोडून नाही म्हणायला हवं होतं. पण मोठं गिऱ्हाईक, मोठी ऑर्डर. मी काडी कापली. चिंचोक्याएवढे दोन तुकडे फरशीवर पडले, टिंग, टिंग. मी ते झाडून टाकले आणि अकोल्याला परतलो.

फाल्गुन लागला तसा शेठजींचा माणूस दारात आला. चल म्हणाला, लगेच. आवारात पोचलो तेव्हा मला पहिल्यांदा माझा मार्का तरटावर दिसला. पत्र्यावर तो बरा दिसला होता. तरटावर शाई पसरली होती आणि दोन्ही खोबणींतून काळे ओघळ गालांवर उतरले होते. तीनशे तोंडं, सगळी तशीच.

हमालांचा मुकादम दौलत भिंतीला टेकून बसला होता. धिप्पाड माणूस, दोन दोन माणसांचं ओझं एकटा उचलायचा. त्याचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते, पापण्यांना पू चिकटला होता.

"पह्यला कुंचा म्या मारला," तो म्हणाला. "तिसऱ्या दिशी माह्येच डोये गेले. मंग किसन्याचे. आता अकरा जन हायेत. तू देवीले आंधयी केली, तिनं आमाले केलं."

डोळे आले होते, दुसरं काय. फाल्गुनातली धूळ, हवेत उडणारी रुई, एकाच फडक्याला पुसलेली अकरा तोंडं. मी तसं बोललोही. पण बोलताना माझ्याच आवाजात दम नव्हता.

हमालांनी गाठींना हात लावायला साफ नकार दिला होता. रेल्वे तेव्हा अमरावतीपर्यंत आली नव्हती. जिथवर रूळ आले होते तिथवर बैलगाड्यांचा तांडा जायचा, आणि शेठजींचा तांडा धुळवडीला निघायचा ठरला होता.

"आठ दिवस हायेत," शेठजी म्हणाले. "ह्याच मुखवट्याचा नवा पत्रा काप. हमालानं गाठ उचलली पाह्यजे. नाई उचलली तं वऱ्हाडात तुह्या हातचा पत्रा कोनी घेनार नाई, हे मी पाहीन."

देवी बदलून मोर करू का, असं मी विचारलं. दौलतच म्हणाला, "तिले तशी टाकून पयता? तिचे डोये दे पह्यले."

म्हणून मी पडवीत बसलो होतो आणि हात चालत नव्हता. काडी ठेवावी तर देवीच्या डोळ्यात मुसळ. काढावी तर पुन्हा खोबण. कागदावर आखून पाहिलं, कोळशाने फरशीवर काढून पाहिलं. डोळ्यापाशी आली की पेन्सिलही थबकायची. वीस वर्षांत माझ्या हाताने मला असं कधी अडवलं नव्हतं. धंदा जाईल ही भीती होतीच. खरी भीती वेगळी होती. मला वाटू लागलं होतं की हात आता माझा राहिलेलाच नाही.

आणि तो आवाज. मी छिन्नीवर ठोका मारला की गाठींच्या थप्पीतून उलट ठोका यायचा. टक. मी थांबलो की आणखी एक यायचा, माझ्या ठोक्यावाचून. उन्हात दाबलेली रुई फुगते, दोर ताणले जातात, कुठेतरी गाठ कुरकुरते. हे मला ठाऊक होतं. तरी चौथ्या दिवशी मी मुद्दाम तीन ठोके मारून थांबलो. थप्पीतून चार आले. मी हत्यारं तिथेच टाकली आणि बहिणीच्या घरी निघून आलो.

थोरली बहीण सरूबाई अमरावतीतच, बुधवाऱ्यात राहायची. तिच्या अंगणात तिच्या दोघी मुली शेणाच्या चाकोल्या थापत बसल्या होत्या. आमच्याकडे होळीसाठी पोरी चाकोल्या करतात. ताज्या शेणाच्या तळहाताएवढ्या थापट्या, कोणती चंद्राच्या आकाराची, कोणती फणीची, कोणती आरशाची. मधे बोटाने भोक पाडायचं, वाळल्या की सुतळीत ओवायच्या, आणि होळीत टाकायच्या. इतकाच त्यांचा जन्म.

"काहून रे महादू, भर दुपारी आला?" सरूबाई म्हणाली. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग शेणाचा गोळा माझ्या हातावर आपटला.

"बस. थाप."

"बाई, मी कारागीर माणूस—"

"कारागिरी गेली ना तुही? मंग बस."

बसलो. पहिली चाकोली मी परकार फिरवल्यासारखी गोल केली. पोरी हसायला लागल्या. धाकटी सोनी म्हणाली, "मामा, तिले कोन पाहनार हाये? जयनारच हाये ते."

ते वाक्य मला लागलं. जळणारच आहे. दुसरी केली ती वाकडी झाली, तिसऱ्यांदा बेडूक केला, मग पगडीवाले शेठजी केले, पोटासकट. सरूबाई पदर तोंडाला लावून हसली. किती तरी दिवसांनी माझ्या हाताला काही सिद्ध करायचं नव्हतं. तो आपला चालत होता, मी नुसता सोबत बसलो होतो.

सोनीने एक तोंड थापलं आणि दोन बोटांनी डोळ्यांना भोकं पाडली. माझं हसू थांबलं. तीच देवी होती, अगदी तशीच.

"बुजव ते," मी ओरडलोच.

पोरगी बिचकली नाही. तिने अंगठ्याने शेण सरकवून भोकं लिंपली. "आता निजली," ती म्हणाली. मग करंगळीने दोन टिकल्या टोचल्या. "आता पाहून रायली." पुन्हा लिंपलं. "आता निजली." असं तिने पाच-सहा वेळा केलं, खेळ म्हणून. मी बघत राहिलो.

तोंड तिने एकदाच केलं होतं. डोळे मात्र ती दर वेळी वेगळे, नंतर, बोटाने करत होती.

मी हात धुतले की नाही ते आठवत नाही. आवारात पळत गेलो आणि पत्रा पुढ्यात घेतला. कपाळ कापलं, भुवया, नाक, नथ, ओठ. डोळ्यांची जागा सोडून दिली. तिथे काडी नाही, भोक नाही, काहीच नाही, नुसता अख्खा पत्रा. संध्याकाळच्या आत काम झालं. थप्पीतून ठोके येत होते की नाही, तिकडे माझं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतला धरून आणलं. जुन्या मार्क्यांवर चुना फासून घेतला होता. पहिल्या गाठीवर नवा पत्रा ठेवून कुंचा मारला. कोऱ्या डोळ्यांचा चेहरा उमटला. हमाल दोन पावलं मागे सरकले.

"डोये कुठी हायेत?" दौलतने विचारलं. त्याला नीट दिसत नव्हतं, पण बाकीच्यांची पावलं मागे सरकलेली ऐकून कळलं असावं.

"ते माझ्या हातचे नाहीत," मी म्हणालो. "ज्याने गाठ उचलायची त्याने द्यायचे."

मग दौलतने पाणी मागवलं, हातपाय धुतले, पायताण काढलं. मी त्याचं बोट धरून शाईत बुडवलं आणि जागेवर नेलं. बाकी त्याने स्वतः केलं. एक टिकली, दुसरी टिकली. उजवा डोळा किंचित वर गेला. देवी थोडी चकणी झाली आणि त्यामुळेच एकदम जिवंत वाटली. किसन्याच्या तोंडून "माय" एवढंच निघालं. मग एकेक जण पुढे आला. दोन दिवसांत तीनशे चेहरे झाले आणि एकाची नजर दुसऱ्यासारखी नव्हती. कोणी रागावलेली, कोणी पेंगुळलेली, एक तर चक्क हसू दाबत होती.

शेठजी आले, फिरून पाहिलं आणि व्यापारी माणूस तो, लगेच त्यांच्या डोक्यात आलं. इतरांचे मार्के चोरून खराब माल खपवण्याची तेव्हा साथच होती. त्यांनी मुंबईच्या एजंटला लिहून टाकलं: माझ्या गाठीवर हाताने काढलेले उघडे डोळे असतात, ज्या गाठीवर नसतील ती माझी नव्हे, परत करा.

धुळवडीला गाड्या भरल्या. हमाल मुकाट्याने उचलत होते. मी सुटलो असं वाटून शेवटच्या थप्पीवर सहज नजर टाकली. तळाच्या एका गाठीवर देवीचे डोळे मिटलेले होते. दोन बारीक कमानी, खाली वळलेल्या. बोटाने उमटणार नाहीत इतक्या बारीक. मी एकेकाला विचारलं. कोणीच काढल्या नव्हत्या. पेन्सिल फक्त माझ्याकडे होती आणि ती माझ्या थैलीत होती.

मी बोट शाईत बुडवलं. गाठ परत आली असती तर दोष माझाच. दौलतने माझं मनगट पकडलं. त्याचे डोळे आता थोडे उघडत होते.

"कोनाची गाठ हाये हे?"

एकेक हमाल मान हलवून मागे सरकला. "मंग निजू दे तिले," तो म्हणाला. "थकली असन." आणि ती गाठ त्याने स्वतः उचलली, झोपलेलं मूल उचलावं तशी, आणि गाडीत ठेवली.

आठवडाभरात सगळ्यांचे डोळे बरे झाले. तसेही होतात. मी मात्र अकोल्याला न जाता अमरावतीलाच रेंगाळलो. गाठ परत आली तर माझ्या पाठीमागे शेठजींनी बोभाटा करण्यापेक्षा तोंडावर ऐकून घेतलेलं बरं. अक्षय्य तृतीया उलटल्यावर एजंटचं पत्र आलं. शेठजींनी मला समोर बसवून वाचलं. सगळ्या गाठी पोचल्या. मार्का एकेक करून तपासला. प्रत्येक गाठीवर डोळे उघडे आहेत. काम उत्तम.

मी दोनदा वाचायला लावलं. मग प्रेसकडे गेलो. दौलत पाठीवर ओझं घेऊन येत होता. त्याला सांगितलं.

तो थांबलाही नाही. "मंग?" म्हणाला. "झाली असन झोप."

त्यानंतर मी कोणत्याही मार्क्यात डोळा कापला नाही. गिऱ्हाइकाला सांगतो, ती जागा माझी नाही. आणि हात अडला की पत्र्यापुढे बसून राहत नाही. अंगणात जातो आणि शेण थापतो.