आमच्या गल्लीची सुधारणा आणि बाळूअण्णांची म्हैस

आमच्या स्वयंपाकघरात दारामागे एक पिशवी लटकते, तिच्यात बाकीच्या सगळ्या पिशव्या कोंबलेल्या असतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, तरी ती फुगतच जाते. आमच्या रहिवासी संघाच्या किश्शांचंही तसंच आहे. मी भोसरीत राहते, महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि उरलेल्या वेळात गल्लीची सेक्रेटरी. दिवसा पार्ट रिजेक्ट करायचे आणि संध्याकाळी माणसं समजून घ्यायची. पहिलं काम सोपं आहे.

मी सेक्रेटरी झाले ती कांबळेकाकांमुळे. काका आमचे अध्यक्ष. देहूरोडला सरकारी नोकरी करून रिटायर झालेले, दूध आणायलासुद्धा इस्त्रीच्या शर्टात जाणारे. त्यांनी पहिल्याच मीटिंगला नियम केला की ज्याची तक्रार, त्याचंच काम. मी कोपऱ्यावरचा दिवा लागत नाही म्हणाले, दिवा माझ्या गळ्यात पडला. मग पाण्याचं बोलले, पाणीही पडलं. तिसऱ्या मीटिंगला काका म्हणाले की एवढं सगळं तुम्हीच बघताय तर पदही घेऊन टाका.

बाकीचे लोक माझ्यापेक्षा हुशार निघाले. त्यांनी स्वतःच्या तक्रारी बंद केल्या आणि शेजाऱ्याच्या सुरू केल्या. "मला अंधाराचा काही त्रास नाही, पण आमच्या शिंदेंना फार होतो." हे शिंदेभाऊ मूळचे परभणीकडचे, एमआयडीसीत त्यांचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. मीटिंगच्या वेळी ते वेल्डिंग करत असायचे. शेड बंद करून घरी आले की त्यांना कळायचं, आपल्याला काय काय त्रास आहे ते.

* * *

त्यामुळे स्पीडब्रेकरचं काम शिंदेभाऊंकडेच गेलं. शिफ्ट सुटली की पोरं गल्लीतून गाड्या सुसाट काढायची, म्हणून ब्रेकर हवा होता. भाऊ म्हणाले, "मॅडम, मजबूत करायलोय, टेन्शन घेऊ नका." केलाही मजबूत. त्याच्यावर उभं राहिलं की पलीकडची गल्ली दिसायची.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर आला. पुढची चाकं पलीकडे गेली, मागची अलीकडे राहिली आणि टँकरचं पोट ब्रेकरवर टेकलं. ना पुढे, ना मागे. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, वजन कमी झाल्याशिवाय हलायचा नाही. मग तिथेच पाइप सोडला.

एरवी टँकर थेट वरच्या टोकाला जायचा आणि आमच्या खालच्या टोकाला तळाचं गढूळ पाणी यायचं. त्या दिवशी आमच्याकडच्या बायकांनी हंडे, बादल्या, प्रेशर कुकर, कूलरची टाकी, सगळं भरून घेतलं. टँकर रिकामा झाला, अलगद वर उचलला गेला आणि निघून गेला. वरच्या टोकाचे लोक भांडायला आले, ब्रेकर आजच्या आज फोडा म्हणाले. पुढच्या मीटिंगला खालच्या टोकाने एकमुखाने ठराव मांडला की ब्रेकर आहे तसाच ठेवावा, जमल्यास थोडा उंच करावा.

* * *

मग आलं बाकडं. ज्येष्ठांना बसायला एक लोखंडी बाकडं ठेवायचं एवढीच सुधारणा होती. पण तोंड कुठे करायचं? कांबळेकाका म्हणाले, बागेकडे. बाळूअण्णा म्हणाले, रस्त्याकडे. बाळूअण्णा इथले मूळचे. आमची गल्ली जिथे आहे तिथे पूर्वी त्यांची ज्वारी असायची, त्यामुळे त्यांना डावलता येत नाही. "झाडं काय बघायची? आमी जल्मभर तीच बघितली. कोण आलं, कोण गेलं, ते दिसाया पायजे."

दोघं महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी शिंदेभाऊंनी तोडगा काढला. त्यांनी बाकड्याखाली मोठं बेरिंग बसवलं. ज्याला जिकडे हवं तिकडे त्याने फिरवून घ्यावं.

उद्घाटनाला अण्णा एका टोकाला बसले, काका दुसऱ्या. काकांनी पायाने जमीन रेटली, बाकडं बागेकडे वळलं. अण्णांनी रेटली, रस्त्याकडे आलं. दोघंही समोर बघत, गंभीर चेहऱ्याने रेटत राहिले आणि बाकडं चांगलं गरागरा फिरायला लागलं. भाजीवाला गाडी थांबवून बघत उभा राहिला. काकांना घेरी आली तेव्हा आम्ही दोघांना धरून उतरवलं. अण्णा उतरता उतरता म्हणाले, "ब्येस हाय. दोनी दिसलं."

* * *

अण्णांची एक म्हैस आहे. ओला कचरा, सुका कचरा वेगळा करा म्हणून मी गल्लीला किती समजावलं. मीटिंग घेतल्या, घरोघरी फिरले. उपयोग शून्य. शेवटी अण्णा म्हणाले, भाज्यांची डेखं, साली, शिळी पोळी आमच्या म्हशीला द्या, मी बादल्या नेतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अण्णा वरच्या टोकाच्या पाटीलबाईंच्या दारात भरलेली बादली घेऊन उभे. "बाई, तुमची बादली म्हशीनं माघारी धाडलीया." आत शाम्पूची पुडी निघाली होती. म्हशीने हुंगलं आणि तोंड फिरवलं. पाटीलबाईंचं तोंड एवढंसं झालं, कारण शेजारणीची बादली चाटूनपुसून रिकामी होऊन आली होती.

मी इतकी वर्षं क्वालिटीत आहे. आम्ही माल रिजेक्ट केला की सप्लायर तासभर वाद घालतो. म्हशीशी कुणी वाद घातला नाही. आठवड्याभरात सगळ्या गल्लीच्या बादल्या स्वच्छ व्हायला लागल्या. एकदा पाटीलबाईंनी मला रस्त्यात गाठलं, बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, म्हैस आता आमच्याबद्दल काय म्हणते?"

* * *

आता झाकणाचं सांगते.

गल्लीतल्या ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण तुटून आत पडलं. आम्ही खड्ड्यात एक फांदी खोचली आणि महापालिकेच्या ऑफिसला फोन केला. तिथल्या साहेबांनी सांगितलं, ते झाकण बसवून झालंय. मी म्हटलं, साहेब, मी खड्ड्याशेजारीच उभी आहे. ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे बसलंय."

किती तरी फोन झाले, उत्तर तेच. मग एका संध्याकाळी विहारातून परत येताना कांबळेकाकूंचा पाय त्यात गेला. हाड मोडलं. मी हॉस्पिटलात गेले तेव्हा काका खाटेशेजारी बसले होते, काकूंची चप्पल हातात धरून. दुसरी चप्पल चेंबरमध्येच राहिली होती. मला वाटलं, आता काका ऑफिसात जाऊन टेबलं उलटी करणार. पण ते आवाज चढवणारे नव्हेतच. त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला आणि अगदी नम्रपणे सांगितलं की झाकण बसवल्याबद्दल गल्लीला आपला सत्कार करायचाय.

साहेब रविवारी आले, खुशीत. आम्ही मांडव घातला होता, माइक लावला होता. चेंबरभोवती रांगोळी काढली होती, झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. शेजारी खुर्चीत प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून काकू बसल्या होत्या, मांडीवर शाल आणि नारळ.

काकांनी माइक हातात घेतला. म्हणाले, "साहेबांनी बसवलेल्या झाकणावरच साहेबांचा सत्कार व्हावा, अशी रहिवाशांची इच्छा आहे. या साहेब, झाकणावर उभे राहा."

साहेबांनी रांगोळीकडे पाहिलं. मग रांगोळीच्या मधोमध असलेल्या खड्ड्यात पाहिलं. सगळी गल्ली हात जोडून उभी होती, कुणी हसलं नाही. काकूंनी नारळ पुढे केला आणि म्हणाल्या, "या ना, मला उठून देता येत नाही."

साहेब बाजूला गेले आणि फोनवर बोलत राहिले. आमचा चहा संपायच्या आत टेंपो आला. दोघांनी नवंकोरं झाकण उतरवलं, बसवलं, ठोकलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकांनी पुन्हा माइक घेतला आणि साहेबांना हाताने वाट दाखवली.

साहेब काठापर्यंत आले. एक पाय उचलला, तसाच हवेत धरला आणि खाली ठेवला. मग काकांचा दंड पकडून त्यांच्या कानाशी वाकले. बोलले अगदी हळू, पण माइक चालू होता, त्यामुळे वरच्या टोकापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

"काका, आधी तुम्ही."