बांगड्या कोणाच्या होत्या

हे मी यांना सांगितलं नाही. यांच्या शेवटच्या दुखण्यात मी रात्रंदिवस उशाशी बसून होते, तेव्हाही नाही. लेकीला नाही, शेजारणीला नाही. देवापुढे बसले तरी दुसरंच काही बोलून उठले. आता तुम्हाला सांगते आहे. तुम्ही कोण ते मला माहीत नाही, म्हणून बहुतेक जमेल. समोर माणूस असलं की मला बोलता येत नाही — लहानपणापासून तसंच आहे.

माझी चौथी झाली आहे. अक्षर बरं आहे, पण काय आधी लिहावं ते कळत नाही. शाळेपासूनच सुरू करते.

दीक्षितपुऱ्याच्या एका गल्लीत आपल्या मराठी लोकांची मुलींची शाळा होती. तिथे मी घंटी वाजवायची, वर्ग झाडायची, पाणी भरायची, चहा करायची. हे लष्कराच्या फॅक्टरीत होते. लढाईचं वर्ष, तीन-तीन पाळ्या, घरी आले तरी अंगाला तेलाचा वास घेऊन झोपायचे. सगळ्या घरांत तेच. भोंगा वाजला की आधी कान देऊन ऐकायचं — पाळीचा आहे की धोक्याचा?

शाळेच्या हेडमिस्ट्रेस, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. दर शनिवारी शाळा सुटली की त्या सगळ्या बायांना बसवत. खुर्च्या नाहीत, सतरंजीवर, गोल. मध्ये कोणी नाही, वर कोणी नाही. आणि मीपण त्या गोलात. पहिल्या शनिवारी मी चहा देऊन दाराशी उभी राहिले, तर म्हणाल्या, "गिरजाबाई, शाळा तुमचीपण आहे. बसा."

त्यांची पद्धत वेगळीच होती. शाळेची पितळी घंटी हातोहात फिरायची. जिच्या हातात घंटी, तिनेच बोलायचं. आतला लोळा बोटांत धरायचा, वाजू द्यायचा नाही. ज्या वर्गाची गोष्ट असेल त्या वर्गाच्या बाईने आधी सांगायचं, आणि मग शेवटपर्यंत एक अक्षर काढायचं नाही, दुसऱ्यांचं ऐकायचं. "कोणी केलं?" असं मोठ्या बाई कधी विचारत नसत. विचारत — "काय झालं?" मग — "आपण काय पाहिलं?" आणि विचारून झालं की गप्प बसत. इतक्या गप्प, की पंख्याची कुरकुर मोठी व्हायची. कोणीतरी बोलतंच. बोलून झालं की त्या एवढंच म्हणत, "अजून?" आणि पुन्हा गप्प.

एकदा एका नव्या बाईला त्या म्हणाल्या होत्या, "ज्याचं उत्तर हो किंवा नाही येतं, तो प्रश्न लहान. ज्याचं उत्तर माणूस आपलं आपण शोधायला लागतो, तो मोठा." मी कपबश्या उचलत होते. ऐकलं आणि ठेवून दिलं. कशासाठी ठेवलं? तेव्हा मला माहीत नव्हतं — की होतं?

माझ्या हाती घंटी आली की मी "माझं काही नाही" म्हणून पुढे द्यायची. रोज तीच घंटी मी दणदणा वाजवायची, आणि शनिवारी ती हातात आली की तळहाताला घाम. किती दिवस असं चाललं सांगता येत नाही.

नलिनीबाई पहिलीला शिकवायच्या. नव्या लग्नाच्या. हिरव्या बांगड्यांनी दोन्ही हात भरलेले, वर्गात फळा पुसू लागल्या तर बाहेर अंगणात ऐकू यायचं. हुशार. बोलल्या की सगळ्या हसत. मुली त्यांच्यामागे चिमण्यांसारख्या. मला त्या आवडायच्या — हेपण लिहून ठेवते. आवडायच्या म्हणूनच इतकं लागलं असेल.

मोठ्या बाई लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या, तेव्हा शनिवारची बैठक नलिनीबाईंकडे आली. आणि त्याच शनिवारी मी बोलायचं ठरवलं होतं.

गोष्ट साधी होती. मुलींच्या संडासाची आतली कडी तुटली होती. मुली काय करत, तर मैत्रीण सोबत न्यायची, ती बाहेरून साखळी लावायची, दाराशी उभी राहायची आणि झालं की काढायची. लहान मुली तर दिवसदिवस पाणीच पीत नसत. मी वाक्य जुळवून ठेवलं होतं. चुलीपुढे म्हणून पाहिलं, नळावर म्हणून पाहिलं.

घंटी आली. मी म्हटलं — मुलींच्या संडासाची कडी तुटली आहे, मुली बाहेरून साखळी लावून घेतात, ते बरं नाही. सगळं वाक्य आलं. मध्ये कुठे अडकलं नाही. मला स्वतःचाच अचंबा वाटला.

नलिनीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "अरे वा! गिरजाला तोंड आहे." मग — "अच्छा गिरजा, तू हे सांगून राहिली की विचारून राहिली?"

मी घाबरून म्हटलं, "विचारते."

"मग विचार ना! काय विचारायचं?"

मला काय विचारायचं होतं? माझं तर सांगून झालं होतं. मी घंटीकडे पाहत राहिले.

"बरं, मीच विचारते. तुझी चौथी कुठल्या शाळेतली गं?"

मला वाटलं, खरंच विचारतात. मी गावाचं नाव सांगितलं.

"तिथे संडासाला कडी होती का?"

"तिथे संडासच नव्हता, बाई."

सगळ्या हसल्या. पदर तोंडाला लावून, एकमेकींच्या खांद्यावर पडून. "बघा!" नलिनीबाई म्हणाल्या, "तरी हिची चौथी झालीच ना? चलो, पुढे."

आणि मी काय केलं? मीपण हसले. त्या सगळ्यांच्या बरोबर, माझ्यावरच. दुसरा कुठलाही अपमान आठवला तर आता दुखत नाही. ते माझं हसणं मात्र — आत्तापण कान गरम होतात.

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. त्यांचा चहा मी निवू द्यायची आणि मग न्यायची. त्यांच्या वर्गाचा माठ सगळ्यात शेवटी भरायची. एवढ्याने काय होतं? काहीच नाही. मला उट्टं त्या गोलातच काढायचं होतं. सगळ्यांच्या समोर, त्याच सतरंजीवर, त्यांच्या तोंडून आवाज निघू नये असं. भाकरी थापताना तेच, झाडताना तेच. मोठ्या बाई परत आल्या. कडीचं मी त्यांना सांगू शकले असते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी माणूस बोलावला असता. मी सांगितलं नाही. काहून नाही सांगितलं? कडी तुटलेली राहावी असंच मला वाटत होतं. कधीतरी काहीतरी होईल, आणि मग मी म्हणेन.

आणि झालं.

दुपार होती. भोंगा वाजला — धोक्याचा. शाळेमागच्या मैदानात खंदक खणलेले होते, आधी सराव झाले होते. बायांनी आपापले वर्ग नेले, मुलींना खाली बसवलं. नलिनीबाईंनी पोरी मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग त्या गोंगाटात मला बाजूला ओढलं, "गिरजा, शकू दिसून नाही राहिली! संडासाकडे बघून ये. पळ!"

शकू म्हणजे फॅक्टरीतल्याच एका कामगाराची मुलगी, शाळेपासून दोन गल्ल्या सोडून राहणारी. सहा वर्षांची, समोरचे दात पडलेले.

मी पळाले. कोपऱ्यावरून वळले आणि ऐकलं. साखळी वाजत होती. आतून कोणीतरी दार ओढत होतं — खडखड, थांबायचं, पुन्हा खडखड. तिची मैत्रीण भोंगा ऐकून पळाली होती.

इथे मी पुष्कळ वेळा थांबले आहे. मनात, म्हणजे. दार पाच-सहा पावलांवर होतं. हात वर केला असता तर साखळी निघाली असती. मी दारापर्यंत गेले. हातपण वर केला. बांगड्या वाजल्या — माझ्या, हातात दोन-दोनच होत्या, तरी वाजल्या. आतली खडखड थांबली. आतून बारीक आवाज आला, "कोण आहे?"

आणि मला नलिनीबाईंचं ते आठवलं — "चलो, पुढे."

मी हात खाली घेतला. परत गेले. म्हटलं, "कोणी नाही, बाई. घरी पळाली असेल." पोरी पळायच्या तशा, भोंगा वाजला की आईकडे. त्यांनी विश्वास ठेवला. "बघितलंस ना नीट?" म्हणाल्या. मी मान हलवली.

मला वाटलं, थोड्या वेळाने धोका टळल्याचा भोंगा होईल. दर सरावात तसंच व्हायचं. पण तो सराव नव्हता. भोंगा होईचना. ऊन कलंडलं. खंदकात मुली रडायला लागल्या, बाया त्यांना गोष्टी सांगू लागल्या, आणि मी तिथे बसून — तुम्ही काहीही समजा — मनातल्या मनात माझं शनिवारचं वाक्य जुळवत होते.

भोंगा झाल्यावर खडखड ऐकून साखळी मोठ्या बाईंनी काढली. मी पुढे झाले नाही. दुसऱ्या कोणीतरी पाहावं, सगळ्यांच्या देखत पाहावं, असं मला पाहिजे होतं. शकू कोपऱ्यात बसली होती. फ्रॉक ओला. नखं दाराला ओरखडून रक्ताळलेली. ओरडून ओरडून आवाज बसला होता. तिने एवढंच सांगितलं — कोणीतरी आलं होतं. बांगड्या वाजल्या. मग गेलं.

शनिवारी गोल बसला. कोणी चहाला हात लावला नाही. वर्ग नलिनीबाईंचा, म्हणून घंटी आधी त्यांच्याकडे.

मी वाट पाहत होते. आता म्हणतील — मी गिरजाला पाठवलं होतं. खरं तेच होतं. त्या म्हणाल्या, "मुलगी माझ्या वर्गाची. मी स्वतः जाऊन पाहायला पाहिजे होतं. चूक माझी आहे." बस. माझं नावच नाही. घंटी पुढे देताना एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटत होतं, मी घाबरून अर्ध्यातून परत आले, आणि बांगड्या म्हणजे पोरीचा भास. मला वाचवून राहिल्या होत्या. गिरजाची नोकरी जाईल म्हणून.

दुसरी बाई असती तर तिथेच रडली असती. मला काय झालं सांगू? माझं अंग पेटलं. म्हणजे आतापण मी लहानच? आतापण त्या वर आणि मी त्यांच्या दयेवर?

घंटी फिरत फिरत माझ्याकडे आली. मी लोळा घट्ट धरला. घाम नव्हता.

मी म्हटलं, "नलिनीबाई, कडी तुटल्याचं मी सांगितलं होतं. तेव्हा आपण काय म्हणाला होता?"

आणि गप्प बसले. मोठ्या बाई बसत तशी. पंखा कुरकुरत राहिला.

मोठ्या बाईंनी हळूच मान वळवली. "गिरजाबाईंनी विचारलं आहे. उत्तर द्यावं लागेल, नलिनी."

त्यांनी दिलं. स्वतःच्या तोंडाने. "मी विचारलं होतं… तिच्या शाळेत संडासाला कडी होती का." त्या दिवशी हसणाऱ्या सगळ्या सतरंजीची वीण पाहत होत्या.

मी इथे थांबायला पाहिजे होतं. एवढं माझं खरं होतं, आणि माझ्या हक्काचं होतं. पण घंटी अजून माझ्याच हातात होती. आणि त्या दिवशी मला कळलं की प्रश्न विचारायला खोटं बोलावं लागत नाही.

मी म्हटलं, "आणि मग त्या बांगड्या कोणाच्या होत्या?"

सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी गेली. भरलेल्या हिरव्या हातांवर. माझ्या दोन-दोन बांगड्यांकडे कोण पाहणार?

नलिनीबाईंनी वर पाहिलं — माझ्याकडे. त्यांना त्या क्षणी सगळं कळलं. मी घाबरून परत आले नव्हते, दारापर्यंत गेले होते, हे कळलं. मी डोळे खाली केले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा. त्या बोलल्या नाहीत. नियमच होता, आपलं बोलून झालं की शेवटपर्यंत गप्प. पण शेवटी मोठ्या बाईंनी विचारलं, "अजून?" पुष्कळ वेळ थांबल्या. तेव्हापण त्या बोलल्या नाहीत. काहून नाही बोलल्या, ते मला आजपर्यंत उमगलं नाही.

पुढच्या शनिवारी त्यांची जागा रिकामी होती, शाळा सोडली होती त्यांनी. मला बरं वाटलं. खोटं काहून लिहू? घरी येऊन मी गोडाचा शिरा केला. यांनी विचारलं, आज काय आहे? मी म्हटलं, काही नाही, सहज.

मोठ्या बाईंनी कडी बसवून घेतली. मला म्हणाल्या, "गिरजाबाई, तुम्हाला प्रश्न विचारता येतो." त्यानंतर गोलात माझ्या बोलण्याला वजन आलं. शाळेत होते तोवर राहिलं. नव्या बाया मला 'अहो' म्हणत. मी ते सगळं घेतलं.

शकूच्या बापाने तिचं नाव काढलं. मोठ्या बाई घरी गेल्या, हात जोडले. तो म्हणाला, "शाळा नको. मला पोरगी पाहिजे." तिला दुसरीकडेपण घातलं नाही. दार लावलेल्या खोलीत ती बसतच नव्हती म्हणे.

पुष्कळ वर्षांनी, मी बड्या फुहाऱ्याच्या चौकात बससाठी उभी होते. शेजारी एक बाई, कडेवर लेकरू. समोरचे दात आता होते, तरी मी ओळखलं. तिने ओळखलं नाही. बस आली तशी तिने मला विचारलं, "मावशी, यावर काय लिहिलं आहे? रांझीला जाते का?"

मी पाटी वाचली. म्हटलं, "हो. रांझीच आहे. बैस."

ती चढली. लेकराला सावरायला तिने दांडा धरला, बांगड्या वाजल्या. बस निघून गेली.

नलिनीबाईंचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. हेपण लिहून ठेवते.