घुबडानं ओकलेले गोळे

सोयाबीनच्या पोत्याला उंदराचा वास आला की मला आमच्या गोठ्यातलं घुबड आठवतं. "तुमच्या घुबडानं माझी कोंबडीची पिल्लं खाल्ली, आज मारतेच," म्हणत एकदा शेजारच्या वहिनी काठी घेऊन आल्या. घुबड शिकार अख्खी गिळतं, मांस पचवतं अन् केस, पिसं, हाडांचा गोळा ओकतं, हे मी ढोरं राखताना बघितलेलं. आढ्याखाली पडलेले सगळे गोळे मी ताटलीत भिजवले. "भाऊजी, घाण काय चिवडायलात?" वहिनी हसल्या. मी बाभळीच्या काट्यानं केस सोडवत गेलो. नुसत्या उंदरांच्या कवट्या, पिवळे दात. पीस एकबी न्हाई! "दाखवा तुमचं पिल्लू," मी म्हणलो. वहिनींनी काठी भिंतीला टेकवली. मग हळूच म्हणल्या, "आमच्या कोठीतबी उंदरं झालेत, पाठवता का त्याला?" चौथी नापास माणूस मी, पण त्या दिवसाची ऐट आजबी उतरली न्हाई.