दुपारी अडीच वाजता रात्र

उभ्या खानदेशात सिनेमाच्या शेवटावर माझ्या सावद्याच्या मामीइतका जीव टाकणारं माणूस दुसरं नसेल, आणि इतक्या सिनेमांचे शेवट हुकलेलंही नसेल. तिचं माहेर धुळ्याच्या पलीकडचं एक खेडं. सिनेमा बघायचा तर धुळ्याला यायचं, आणि गावाकडची शेवटची एसटी सिनेमा संपायच्या आधी सुटायची. त्यामुळे त्या गावातल्या समस्त बायकांना नायक-नायिकेची ताटातूट तोंडपाठ होती, पुढे त्यांचं काय झालं ते एसटीला ठाऊक. लग्न होऊन मामी सावद्याला आली तेव्हा तिला वाटलं असेल की केळीवाल्यांचं खातंपितं घर आहे, आता शेवट बघायला मिळतील. पण मामांचाही नियम तोच. भुसावळला किंवा जळगावला सिनेमा रंगात आला, की मामा अंधारात तिचा दंड धरून म्हणायचे, "ऊठ वं, गाडी निघून जाईन." पुढे दारात स्वतःची जीप आली. ती कुठे निघून जाणार होती? तरी मामा शेवटाआधी उठतच राहिले, कारण सगळे एकदम बाहेर पडले की जीप काढायला वेळ लागतो. ही आपली हुशारी आहे, असं ते आजही चारचौघांत सांगतात. मला मात्र ते ऐकून दरवेळी तिथून उठून जावंसं वाटतं.

मामी पुस्तकांकडे वळली ती याच पायी. पुस्तकातून कुणी दंड धरून उठवलं तरी शेवट पळून जात नाही, तो आहे तिथेच राहतो, हे तिला फार आवडायचं. ती चुलीपाशी वाचायची, गोठ्यात वाचायची. एकदा तर सासऱ्यांच्या तेराव्याच्या जेवणाला बायका पोळ्या लाटत असताना पिठाच्या परातीआड कादंबरी धरून ढसाढसा रडली, आणि 'सून असावी तर अशी' म्हणून वर्षभर तिचं नाव निघत होतं. मुलाने तिला फोन घेऊन दिल्यावर तिने ऑनलाइन वाचकमंडळ काढलं. त्याचं नावच 'शेवटपर्यंत'. मेहरूणची एक निवृत्त नर्स, असोद्याच्या एक मास्तरीणबाई, नात्यागोत्यातल्या लेकीसुना आणि फोनवरच्या खटपटी करायला धुळ्याहून मी, एवढा आमचा परिवार. महिनाभर एक कादंबरी वाचायची आणि मग तिच्यावरून काढलेला सिनेमा आपापल्या घरी पण एकाच वेळी बघायचा. या बैठकीला मामी 'सिनेमाची रात्र' म्हणायची. आता आमच्याकडच्या बायकांना रात्री कोण मोकळं सोडणार? त्यांना काय ती रविवारची दुपार मिळायची. मग मामी खिडक्यांना गोधड्या टांगून अंधार करायची, आणि ग्रुपवर निरोप यायचा, 'आज दुपारी अडीच वाजता रात्र आहे. जेवणं आटोपून बसणे.'

टीव्हीवर सिनेमा लावायचा आणि लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून एकमेकींची तोंडं बघायची, अशी पद्धत होती. मामी 'एक, दोन, तीन' म्हणाली की सगळ्यांनी एकदम सुरू करायचं. पण ज्याच्या त्याच्या घरचं नेट वेगळं. नायकाचा बाप धुळ्यात आधी मरायचा, मग मेहरूणला, आणि मेहरूणच्या नर्सबाई डोळे पुसत असताना असोद्याला तो अजून हसतखेळत जेवत असायचा. मास्तरीणबाई वैतागून म्हणायच्या, "आमच्याकडचा अजून जिता आहे हो, जरा दम धरा." मध्येच मामीची शेरेबाजी चालायची. एका सिनेमात पुस्तकातल्यापेक्षा भलतंच घडलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "पुस्तकमा सासू मरत नही, यास्नी मारी टाकी. बरं करं." नियम मात्र एकच आणि कडक. "शेवट होत नही तोवर कोनी उठना नही." दूध उतू गेलं तरी नाही, आणि पाहुणे आले तरी नाही. शेवट आधी सांगणाऱ्याला तर ती ग्रुपमधून काढायची. सख्ख्या नणंदेला तिने दोनदा काढलं होतं, आणि ते काम तिने किती आनंदाने केलं ते मी पाहिलं आहे.

या साऱ्या खटाटोपामागे एक सिनेमा होता. लग्नानंतर मामांबरोबर पाहिलेला तिचा पहिला. एक बाई नवऱ्याचं घर सोडून परगावी मुलींची शाळा काढते, आणि कैक वर्षांनी तो नवरा तिला न्यायला टांगा घेऊन शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहतो. नेमकं तिथे मामांनी मामीचा दंड धरला होता. ज्या कादंबरीवरून तो काढला तिच्यात बाई परत जाते. सिनेमात शेवट बदललाय एवढं मामीला कळलं होतं, पण काय बदललाय ते तिने जन्मात कुणाला सांगू दिलं नाही. "माले शेवट दखना शे, भाऊ," ती मला म्हणायची, "ऐकना नही." जुना सिनेमा, कुठे मिळत नव्हता. अखेर मास्तरीणबाईंना तो फोनवर सापडला. त्या रविवारी मामीने ठेवणीतलं पातळ नेसलं होतं, आणि आम्ही तिला हसलो होतो.

त्या दुपारी कोण जाणे कसं, सगळ्यांचं नेट जुळून आलं. टांगा सगळीकडे एकदमच फाटकाशी आला. आणि सावद्यात खिडकीवरची गोधडी खाली आली. भक्क उजेडात मामा उभे होते. "दिवसाढवळ्या काय अंधार करून राह्यली वं? व्यापारी आलेत, चहा ठेव." सिनेमा दहा मिनिटांचा राहिला होता. घरात मोठी सून होती, गॅस होता, मामांना दोन हात होते. पण मामी उठली. मी भयंकर चिडलो. नर्सबाईंनी सिनेमा थांबवला, मग एकेकीने थांबवला, आणि आम्ही मामीच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो. चहाच्या मागून व्यापाऱ्यांचं जेवण निघालं. इकडे कुणाचा नवरा उठला, कुणाची सासू हाका मारायला लागली. मामी परतली तेव्हा दिवे लागले होते आणि फोनवर मास्तरीणबाई आणि मी असे दोघेच उरलो होतो. "बठ्ठ्या शेतस का?" तिने विचारलं. बाकी सगळ्या गेल्या, असं मास्तरीणबाईंनी सांगितलं. "मंग राहू द्या," म्हणाली, आणि त्यानंतर रविवार आले नि गेले, 'आज रात्र आहे' असा निरोप आला नाही. ग्रुपवर आता गुलाबाची फुलं आणि सुप्रभात असतं.

गेल्या हिवाळ्यात मी सावद्याला गेलो. केळीचा कारभार मुलाने हाती घेतलाय, मामांना कुणी काही विचारत नाही, आणि दुपार त्यांना खायला उठते. जेवणानंतर बघतो तर मामा स्टुलावर चढून खिडकीला गोधडी टांगत होते, तीही उलटी. "लाव रे तो हिचा सिनेमा," मला म्हणाले. मामी येऊन बसली. आम्ही तिघांनी तो पहिल्यापासून पाहिला. मामा एकदाही उठले नाहीत. टांगा फाटकाशी आला, आणि मामी गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली.

"बस वं," मामा म्हणाले, "आता कुठं गाडी निघून जाऊन राह्यली?"

"चहाना टाइम व्हयना," मामी म्हणाली. "तुम्ही दखी ल्या. पन माले सांगू नका."

मला तिथे बसवेना. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेलो. तिने आलं किसलं, साखर टाकली. बाहेरून शेवटचं संगीत ऐकू आलं आणि थांबलं. इतकी वर्षं मामांचा मनसोक्त राग केला, अजूनही गेलेला नाही. पण ते दाराशी येऊन उभे राहिले तेव्हा त्यांच्याकडे बघवेना. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि ते सारखं काहीतरी बोलायला बघत होते. मामीने वर न बघता त्यांच्या हातात कप दिला. मामा तो तसाच धरून, तिच्या पाठीकडे बघत, कितीतरी वेळ उभे होते.