ओल्या बादलीतलं पाकीट

जुन्नरला घंटागाडी सुरू झाली आणि ओला-सुका कचरा वेगळा द्या असं भोंग्यावरून सांगू लागली, तेव्हा आमच्या आळीत ते सगळ्यात जास्त मनावर घेतलं मी. मास्तर माणूस; पोरांना शिकवायचं ते आधी घरात नको का? दोन बादल्या आणल्या, हिरवी ओल्याला आणि पांढरी सुक्याला. रोज सकाळी गाडी यायच्या आधी दोन्ही बादल्या काठीने ढवळून बघू लागलो. बायको म्हणायची, "देवाच्या प्रसादातसुद्धा खडा शोधाल तुम्ही." खोटं नव्हतं ते. दूधवाल्याने पाणी घातलं असेल, वर्गात कुणीतरी कॉपी करत असेल, असं मला उठल्यापासून वाटत असतं.

घरात आम्ही चौघं. मी, बायको, सहा वर्षांचा मुलगा आणि माझे वडील, आबा. कळंबची शेती धाकट्या भावाच्या हवाली करून ते आमच्याकडे राहायला आले होते.

त्या पावसाळ्यात एकदा ओल्या बादलीत दुधाची पिशवी सापडली. मी जेवताना सगळ्यांदेखत बायकोला झापलं. "एका पिशवीपायी सगळं खत वाया जातं. कांद्याच्या चाळीत एक सडका कांदा राहिला तर काय होतं, विचार आबांना."

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. "काढून टाकावा लागतो," एवढंच म्हणाले. मला वाटलं, आपली बाजू घेतली.

दिवाळीनंतर मी आणखी एक नियम काढला: पाणी तापवायच्या बंबात कचरा जाळायचा नाही. त्यानंतर आठवडाभरातच हिरव्या बादलीच्या तळाशी, मेथीच्या काड्यांखाली, वर्तमानपत्राच्या तुकड्यात घट्ट गुंडाळलेलं गोळ्यांचं रिकामं पाकीट मिळालं. तीन दिवसांनी दुसरं. सुक्या बादलीत असतं तर मी बघून सोडून दिलं असतं. चुकून पडलेलं पाकीट वरच पडतं. हे कुणीतरी दडवलं होतं.

आधी संशय शेजारणीवर. बादल्या दारापुढच्या ओट्यावरच असायच्या. दोन दिवस मी पेपर तोंडापुढे धरून खिडकीत बसलो. तिने बादलीकडे ढुंकून पाहिलं नाही, माझ्याकडे मात्र दोनदा पाहिलं. मग पाकीट खिशात घालून बाजारपेठेतलं औषधाचं दुकान गाठलं.

"टीबीच्या आहेत. घरात कुणाला?" दुकानदाराने विचारलं.

"एका विद्यार्थ्याच्या घरी," मी चक्क खोटं बोललो.

घरी येईपर्यंत मी बायकोवर ठपका ठेवून मोकळा झालो होतो. ती वाळली होती. फोडणी देताना खोकायची. महिन्यात दोनदा माहेरी जाऊन आली होती. एकदा संशय धरला की सगळं जुळत जातं. आबांचं नाव मनाला शिवलंसुद्धा नाही. महिन्यातून एकदा ते "कांद्याचा बाजार बघून येतो" म्हणून एसटीने मंचरला जायचे. शेती सोडलेल्या माणसाला कांद्याचा भाव कशाला हवा, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

बायकोला सरळ विचारायचं, तर ते केलं नाही. भांड्यांच्या दुकानातून मुलासाठी स्टीलचा नवा पेला आणला. "नाव घालू का?" दुकानदाराने विचारलं, मी नको म्हणालो. मुलाला गुपचूप सांगितलं, पाणी ह्याच पेल्यातून प्यायचं, आईच्या पेल्याला तोंड लावायचं नाही.

पोर ते. तिसऱ्या दिवशी त्याने आईलाच सांगितलं. ती पेला घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "हे काय चाललंय?" मी खिशातून दोन्ही पाकिटं काढून तिच्यापुढे टाकली. तिने ती उलटीपालटी करून पाहिली. तिला काही कळत नव्हतं, हे मला स्पष्ट दिसत होतं, तरी मी म्हणालो, "नाटकं बंद कर."

दाराशी बसलेले आबा म्हणाले, "माझं हाये ते."



"गणपतीपासनं घेतोय. मंचरच्या डाक्टरकडनं. आदी बंबात घालीत व्हतो, तू बंदी केलीस. तिला कशापायी बोलतूस?"

"आबा, मला सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं? सडक्या कांद्याचं काय करायचं, त्ये मीच तुला सांगितलं व्हतं न्हाई का?" आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी हात पुढे करून बायकोकडून पेला मागून घेतला. "ह्यो ऱ्हाऊ दे माज्याकडं. माजं नाव घालून आण त्याच्यावर. म्हंजी पोराच्या हाती चुकून जायचा न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोची माफी मागायलाही तोंड राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर मंचरला गेलो. डॉक्टर म्हणाले, एवढे महिने गोळ्या नेमाने घेतल्यात, आता ह्यांच्यापासून कुणाला काही होत नाही, खुशाल एका ताटात जेवा. परतताना एसटीत मी आबांना ते तीनदा ऐकवलं. ते मान हलवत राहिले.

आबा खडखडीत बरे झाले. पुढे आठ वर्षं आमच्यात होते, नातवाला शेजारी घेऊन जेवायचे. पेल्यावर नाव मी कधी घातलं नाही. पण पाणी ते त्याच पेल्यातून प्यायचे, स्वतः धुवायचे आणि आमच्या भांड्यांपासून लांब, खिडकीत उपडा घालायचे.