क्लारनेटची चिरलेली पत्ती

त्या दिवशी तापीच्या राजघाटाजवळच्या धर्मशाळेत कोण कोण होतं ते पह्यले सांगते. मी होती. आमचे मालक होते. आमची एकुलती लेक, ती नवरी. माझा धाकला दीर, तो बँडचा मास्टर. त्याचे वाजेवाले. अन् चांदनी गावाहून आलेलं वऱ्हाड. बस. त्यातले बरेच आता गेले, म्हणून सांगून ठेवते.

बँड माझ्या सासऱ्याचा. ते मिलमधी साच्यावर कापड विणायचे. मिलचा आपला बँड होता, कोणी मोठा साहेब आला का वाजवायचा. मिलनं बँड मोडला तवा सासऱ्यानं वाजे घरी आणले, बुधवारा मोहल्ल्यात खोली घेतली अन् लग्नं धरली. मोठ्या लेकाले, म्हणजे आमच्या मालकायले, क्लारनेट दिला. धाकल्याच्या गळ्यात ढोल बांधला. ते धाकल्याच्या मनात राह्यलं ते राह्यलंच.

लोक बँडचं नाव नाही घ्यायचे, क्लारनेटवाल्याचा बँड म्हणायचे. मी बी त्याच बँडात डोक्यावर बत्ती घेऊन चालायची. सगळ्या बत्त्या एका तारेत, मागं जनरेटरची गाडी. एकीनं बत्ती उतरवली का सगळी लाइन अडते.

एका वरातीत नवरदेवाचा काका पिऊन नाचत होता. "अबे मास्टर, जोर से फूँक!" म्हणत त्यानं समोरून धडक दिली. क्लारनेट तोंडातच होता. वरचे पुढचे दात गेले. वरात काही थांबली नाही. मालक रस्त्याच्या कडेले रक्त थुकत बसले, अन् मी तारेत बांधलेली. त्यायच्या बाजूनं उजेड पाडत पुढं निघून गेली.

क्लारनेटवर वरचे दात टेकवावे लागतात. कवळी बसवली, ती फुंकताना हलायची. सूर फाटायले लागला. सासरे वारले, दीर मास्टर झाला.

लग्नवाले बँड ठरवताना माणसं मोजून घेतात. वाजवणारा कमी पडला का कोणालेही वर्दी घालायची, हातात वाजा द्यायचा. तो तोंडाले लावून नुसते गाल फुगवतो. त्याले बँडात मुका म्हणतात. दिरानं आपल्या भावाले मुका केला.

"दादा, वर्दी तुलेच शोभते. तू पुढंच चाल."

मागं चालवलं असतं तर बरं होतं. पुढं चालवलं. वाजेवाले मले म्हणायचे, "काय वहिनी, आज मुका घेतला का?" मी म्हणायची, "घरी जाय अन् तुह्या बायकोले विचार." ते हसायचे. मालक ऐकून घ्यायचे.

लेकीचं लग्न ठरलं तसे मालक रोज सकाळी तापीच्या काठी जायले लागले. हिरडीवर कापडाची घडी ठेवायची अन् फुंकायचं. एकच चाल बसवली, लेक निघताना वाजवायले. घोगरी निघायची, पण निघायची. त्यायले दुसरं काही नव्हतं पाह्यजे.

लग्नात त्यायनं दिराले सांगितलं. दीर म्हणे, "दादा, चांदनीवाले पाहून राह्यले. आज बी मुकाच राह्य ना."

"एकच चाल. पोरगी गाडीत बसेपर्यंत."

दिरानं क्लारनेटकडं पाह्यलं. मग म्हणे, "बरं, वाजव. पह्यले जेवून तर घे. वाजा दे इकडं, मी धरतो."

मालक पोटभर जेवले. त्या दिवशी दोनदा भात मागितला.

लेक गाडीपाशी आली. दिरानं हात वर करून बँड थांबवला. मालक पुढं झाले, कापड लावलं, फुंकलं. चीं करून एक आवाज निघाला, अन् मग नुसती हवा. परत फुंकलं. हवाच.

वऱ्हाडातला एक जण म्हणे, "काय मास्टर, टायर पंक्चर झाला का?" सगळे हसले. डोईवर पदर घेतलेली लेक मले हळूच विचारते, "आई, बाबा वाजवणार होते ना?"

दिरानं ढोलावर काडी मारली अन् बँड सुरू झाला. मालकायनं क्लारनेट खाली घेतला नाही. गाडी वळेपर्यंत गाल फुगवून, बोटं चालवत उभे राह्यले.

घरी मी क्लारनेटची पत्ती पाह्यली. बोरूची पातळ पट्टी ती, फुंकलं का तीच थरथरते, तिच्यानंच आवाज निघतो. ती मधोमध नखानं चिरलेली. मी दिराले विचारलं. त्यानं काही लपवलं नाही. म्हणे, "पाव्हण्यायसमोर नाक कापलं असतं, वहिनी."

मालकायनं परत वाजा धरला नाही. ते गेले तवा दीर बँड घेऊन आला. तिरडीपुढं त्यायचाच क्लारनेट एका मुक्याच्या हातात दिला.

आता पुतण्यायचा डीजे आहे. दुकानात मालकायचा वर्दीतला फोटो लावला आहे. कॉलेजची पोरं येतात, म्हणतात आजी, बँडचा इतिहास सांगा. मले हाच माहीत आहे.

जो हे वाचेल त्याले एवढंच सांगणं आहे. वरातीत नाचा, पण वाजवणाऱ्याले धडक देऊ नका. त्याच्या दातात वाजा असतो.