एका ओढीत सुटणारी गाठ

आमच्या कोळीवाड्यापुढचा बंधारा कापडाचा होता. जाड पांढऱ्या कापडाच्या पिशव्या शिवायच्या, त्यांत किनाऱ्याचीच वाळू ठासायची आणि चिऱ्यांसारख्या एकावर एक रचायच्या. समुद्राला कापड दाखवताय काय, असं मी पहिल्याच सभेत विचारलं होतं.  मग मी पत्रक काढलं: ‘बंधारा होणारच असेल, तर काम गावातल्या बायकांना द्या. बाहेरची माणसं आणाल तर गाडी अडवू.’ गाडी अडवावी लागली नाही. ठेकेदार दोन दिवसांत कबूल झाला आणि मी जिंकले म्हणून मिरवले.

काम शाळेच्या पडवीत चालायचं. ठेकेदाराच्या मुकादमानं पिशवीचं चित्र भिंतीला चिकटवलं होतं. बायकांना त्या रेघांचं काही कळेना. आईनं मात्र कापडाचा सपाट तुकडा घेतला, दुमडला, बाजू शिवल्या, तळाचे दोन कोपरे चिमटून आडवे टाके घातले आणि उलटा करून हात आत घातला. पिशवी खोक्यासारखी उभी राहिली.

“ह्यो त खोलाच हाय,” आई म्हणाली. सगळ्या हसल्या आणि कामाला लागल्या.

खोला म्हणजे जाळ्याच्या शेपटाकडची पिशवी. सगळी मासळी तिथे येऊन साठते. आमच्याकडे खोला जोडायचं काम बायकांचं, आणि नवं जाळं होडीवर चढण्याआधी खोल्याचं तोंड घरच्या बाईनंच बांधून द्यायचं, अशी रीत आहे. ती गाठ मणभर मासळीच्या वजनानं सुटत नाही, पण दोरीचं शेपूट ओढलं की एका ओढीत मोकळी होते. होडीवर ओल्या हातांनी गाठ सोडत बसायला वेळ कुणाला असतो?

समुद्राच्या सगळ्यात जवळ काकीचं घर. माझी सख्खी काकी नव्हे, शेजारची. पण मला लहानपणी निम्मं जेवण तिनंच भरवलेलं. एकटी राहते. तिच्या दारातले दोन माड आधीच्या पावसात गेले होते. आता लाट पायरीला लागत होती. हा बंधारा टिकला तर तिचं घर टिकणार होतं, एवढा साधा हिशेब होता.

शेवटच्या आठवड्यात पिशव्यांची तोंडं शिवायचं मशीन बिघडलं. मुकादमानं दोरीचं बंडल पडवीत फेकलं. “तोंडं दोरीनं बांधा, पाऊस थांबायचा नाही तुमच्यासाठी.” आणि मोटारसायकलवर बसून गेला.

काकी हटून बसली. “माझ्या दारापुढच्या पिशव्या मीच बांधीन. दुसरीच्या हातावर माझा भरवसा न्हाय.”

“बांध गो बाय, समद्या बांध,” आई म्हणाली. “आमी जातो दिवेआगरला, पर्यटक बनून.”

आषाढाच्या अवसेचं उधाण भर दुपारी आलं. पाणी बंधाऱ्यावरून गेलं नाही. बंधाराच बसत गेला, पिठाची रास बसते तसा. आम्ही काकीची भांडी, गादी, देव बाहेर काढत होतो, तोवर मागची भिंत आत आली. काकी रस्त्यावर उभी राहून भांडी मोजत होती. एक तांब्या कमी होता. तेवढंच बोलत होती.

त्याच संध्याकाळी मी श्रीवर्धनला जाऊन पत्रक छापून आणलं: ‘कुजकं कापड, कुजका कारभार!’ कापड मी हातात घेऊनही पाहिलं नव्हतं. बघायचं काय त्यात? चोर कोण ते मला आधीच माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी बंधारे खात्याचे साहेब आले. माझं पत्रक त्यांच्या हातात. त्यांनी वाळूतली एक रिकामी पिशवी उचलून माझ्यापुढे धरली. “फाडा.”

मी ओढलं, पाय रोवून ओढलं. कापड फाटलं नाही. एकही टाका उसवला नव्हता. तोंड सताड उघडं आणि दोरी अख्खी लोंबत होती. मी पुढची उचलली. तिच्या पुढची. सगळ्या तशाच.

“बायकांना काम द्या, हे तुम्हीच लिहिलं होतं ना?” साहेब म्हणाले.  

घरी येऊन मी आईला विचारलं, “गाठ कुठली मारलीत?”

“कुठली म्हंजे? खोल्याची.” ती बोंबील निवडत होती. दोन-चार निवडले आणि हात थांबला. लाटेनं शेपटं ओढली होती आणि गाठी एकेका ओढीत सुटल्या होत्या.

मी पडवीत जाऊन ते चित्र वाचलं. तोंडाला दुहेरी शिलाई, असं खाली स्वच्छ लिहिलं होतं. मुकादम हरामखोर, ते मी आजही म्हणते. पण अख्ख्या पडवीत वाचता येणारी मी एकटीच होते. त्या चित्राशेजारी उभी राहून मी फोटो काढला होता, पत्रकावर छापायला.

“काकीला सांगू नको,” आई म्हणाली. “ऱ्हाऊ दे तुझं कुजकं कापड.”

काकीला शाळेच्या एका वर्गात ठेवलं होतं. मी गेले तेव्हा ती उरलेल्या पांढऱ्या पिशवीत कपडे भरून बसली होती. पुढ्यात माझं पत्रक.

“वाच गो. काय लिवलंस माझ्या घराचं?”

मी वाचायला लागले. ‘कुजकं’पाशी अडकले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच. मग पत्रक खाली ठेवलं आणि सांगितलं. गाठीचं सगळं सांगितलं. मुकादमाचं, चित्राचं आणि माझंही.

काकी माझ्याकडे बघत नव्हती. तिनं मांडीवरच्या पिशवीच्या दोरीचं शेपूट ओढलं. तोंड उघडलं. दोरी गुंडाळून तिनं पुन्हा गाठ मारली. बघितली. सोडली. पुन्हा मारली, या वेळी सावकाश, प्रत्येक वळसा बघत. तीच झाली.

“दुसरी मना येतच न्हाय,” ती म्हणाली. “तुला येते?”

मलाही येत नव्हती.